शंभरीची पाटी

झिरोमामांना खऱ्या नावाने ओळखणारी दोनच ठिकाणं उरली होती. एक मतदारयादी आणि दुसरं पंपाचं हजेरीपुस्तक. बाकी सगळ्या गावाला ते झिरोमामा. घरात बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो झिरो, मी भिंतीशी बोलतेय का?"

नाव पडलं ते सवयीमुळे. चौकातल्या पेट्रोलपंपावर मामा सत्तावीस वर्षं नोकरीला. गाडी समोर येऊन थांबली की उजव्या हातात नोझल, डाव्या हाताचं बोट मशीनकडे, आणि तोंडातून दोन शब्द: "झिरो बघा." म्हणजे मागच्या गिऱ्हाइकाचा आकडा पुसला गेलाय, तुमचं माप शून्यापासून सुरू होतंय, नंतर कटकट नको. बाकीची पोरंही हे म्हणायची, पण बस कंडक्टर "पुढे चला" म्हणतो तशी, न बघता. मामा मात्र गिऱ्हाइकाची नजर मशीनवर जाईपर्यंत नोझल दाबायचे नाहीत. एकदा स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस पैसे देत होता, म्हणून मामा त्याला म्हणाले, "झिरो बघा." तो माणूस आंधळा होता. तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही बघितला ना? मग झालं." मामांना शाळेने कधी प्रशस्तिपत्रक दिलं नव्हतं. ती कसर या एका वाक्याने भरून निघाली होती. पंधरा वर्षं झाली, तरी ते प्रत्येक नव्या माणसाला ही गोष्ट सांगायचे, आणि जुन्यांनाही.

मामांचं दुसरं काम होतं भावाचा फलक. पंपाच्या तोंडाशी, रस्त्याकडे बघणारा उंच लोखंडी फलक. आजूबाजूच्या पंपांवर दिव्यांचे आकडे आले होते, बटण दाबलं की बदलणारे. या पंपाच्या मालकांचं विजेच्या बिलाशी जुनं वैर. त्यामुळे इथे अजून पत्र्याचे आकडे हुकांवर टांगलेले, काळ्या पत्र्यावर पिवळे, हातभर उंच. टिंबाच्या अलीकडे दोन हुक, पलीकडे दोन. सगळे आकडे मामांनी स्वतः रंगवलेले. अक्षर वळणदार असणं ही शाळेतून घरी आणलेली त्यांची एकमेव कमाई, आणि ती अशी कामी येत होती.

पूर्वी भाव वर्षातून एकदोनदा बदलायचा. तेव्हा मामा शिडीवर चढले की चौकातली माणसं थांबून बघायची, जणू पंचांग सांगणारा वर चढलाय. मग रोज सकाळी सहाला बदलायला लागला. नऊ पायऱ्यांची शिडी आणि छप्पन्न वर्षांचे गुडघे. खाली सकाळी फिरायला निघालेल्यांची टोळी टपलेलीच.

"मामा, आज तरी काहीतरी खाली आणा!"

"मी येतो की रोज खाली," मामा वरून म्हणायचे. "भाव वरच बसतो. त्याला गुडघे नाहीत."

टोळी हसायची. पण हे हसणं सहा वाजताचं. आठ वाजता गाडीवर बसून आलेली तीच माणसं वेगळी असायची.

लोकांचा राग रास्त होता, फक्त त्याला पत्ता सापडत नव्हता. भाव ठरवणारे कुठे बसतात, कर लावणारे कितव्या मजल्यावर असतात, हे कुणाला ठाऊक? मामा मात्र सहा ते दोन एकाच जागी उभे, खिशावर पंपाचं चिन्ह लावून. रागाला इतका सोयीचा माणूस सगळ्या गावात दुसरा नव्हता. कुणी नोटा चुरगाळून टाकीवर फेकायचं. कुणी म्हणायचं, "निम्मे पैसे करात जातात म्हणे. मग निम्मी टाकी तुम्ही सरकारच्या घरी पोचवता का?" गल्लीतले निवृत्त मास्तर हवा भरायच्या भिंतीवर खडूने हिशेब मांडून दाखवायचे. "हे पेट्रोल. हा त्यावरचा कर. आणि हा करावरचा कर. समजलं?" समजायचं सगळ्यांना. समजल्यामुळे राग आणखी वाढायचा, आणि शेवटी सगळे मामांकडे बघायचे.

एकदा मोर्चा आला. लोकांनी गाड्या बंद करून हाताने ढकलत आणल्या. एका पुढाऱ्याने टायरच्या ढिगावर चढून भाषण केलं. मामांकडे बोट दाखवून "दरवाढीचे दलाल" असंही म्हणून झालं. मामा टोपी काढून उभे राहिले. टाळ्या झाल्या, मोर्चा पांगला. पुढारी ढिगावरून उतरले, स्वतःची गाडी मशीनला लावली आणि हळूच म्हणाले, "मामा, फुल करा."

"झिरो बघा," मामा म्हणाले.

शिव्यांची त्यांना सवय झाली होती. लागायचं ते एका बाईचं. ती दर सोमवारी स्कूटर घेऊन यायची आणि ठरलेल्या पैशांचंच पेट्रोल घ्यायची. पूर्वी तेवढ्यात तिचा शनिवार निघायचा. मग शुक्रवार. मग गुरुवारी दुपारी मामांना ती स्कूटर ढकलत पंपावरून पुढे जाताना दिसायला लागली. पंपावरून, पण पंपात न येता. ती कधी काही बोलली नाही. मामा त्या वेळी उगाच मशीन पुसत बसायचे.

मामांच्याच गल्लीच्या टोकाला त्यांची ताई राहायची. नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं. शाळेत जायला नको म्हणून ते पलंगाखाली दडायचे, तेव्हा मनगट धरून ओढत नेणारी हीच. अजूनही एका दुकानासाठी ती गणवेश शिवायची. सकाळी आठला जायची, दोनला परत. मामांची पाळी दोनलाच सुटायची. मग घरी जायच्या आधी ताईकडे चहा. हा नेम सत्तावीस वर्षांचा. ताई दाराकडे पाठ करून उभी असली तरी मामा उंबऱ्यात आले की म्हणायची, "ये, बस." तिला कसं कळतं हे मामांनी कधी विचारलं नाही. बहिणींना कळत असतं, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

ताईचा मुलगा, म्हणजे मामांचा भाचा, शाळेची व्हॅन चालवायचा. तेरा मुलं होती, आता अकरा. भाव वाढला म्हणून त्याने फी वाढवायची म्हटलं, तर पालकांनी त्याला भावाबद्दल एक भाषण ऐकवलं आणि दोन मुलं चालत शाळेला जायला लागली. भाच्याचा राग तेवढा खास होता, कारण त्याला पत्ता माहीत होता. तो पत्ता रोज घरी चहा प्यायला यायचा.

"मामा, तुला आधी कळतं. सांगत नाहीस."

"अरे, सहाला मालकांच्या फोनवर येतं. तेव्हा मला कळतं."

"सत्तावीस वर्षं तिथे उभा आहेस आणि एवढंसुद्धा कळत नाही? मग उभा कशाला राहतोस?"

"भाच्या, मी तिथे उभा राहून बातम्या काढत नाही, गाड्या भरतो."

ताई मध्ये पडायची. "गप रे. मामाला उलट बोलू नकोस. आणि तू, तूही जरा कान उघडे ठेव की!" म्हणजे तिलाही वाटायचंच.

भाव अठ्ठ्याण्णवच्या पुढे गेला तेव्हा मालकांच्या लक्षात आलं की शंभर झालं तर फलकावर तिसऱ्या आकड्याला जागाच नाही. ज्याने फलक बनवला त्याने शंभराची कल्पनाच केली नव्हती. भला माणूस असावा. मालकांनी वेल्डिंगवाल्याला बोलावून डावीकडे आणखी एक हुक लावून घेतला आणि मामांना सांगितलं, "एक 'एक' रंगवून ठेवा. ऐन वेळी धावपळ नको."

त्या सोमवारी मामांनी ताईकडे चहा घेतला, घरी आले, अंगात नुसती बंडी चढवली आणि अंगणात बसून ऑइलच्या जुन्या डब्याच्या पत्र्यावर 'एक' रंगवला. वळणदार, ठसठशीत. तार ओवून दोरीवर वाळत घातला. त्यांचा गणवेशही त्याच दोरीवर असायचा. बायको मामांचे सगळेच कपडे कायम बाहेर वाळवायची, घरात कधीच नाही. उन्हासाठी, असं मामांना वाटायचं.

शेजारीण कचरा टाकायला बाहेर आली. "भाऊजी, हे काय नवीन?"

"पाटी."

"एकच आकडा?"

"एकच पुरतो."

"म्हणजे शंभर होणार? उद्या?"

इथे मामांनी "मला काय माहीत" म्हणायला हवं होतं. ते रोज दहा वेळा हेच म्हणायचे. पण झालं असं की शेजारणीबरोबर तिचा नवराही दारात आला होता, समोरच्या गच्चीवरून मास्तर वाकले होते, आणि तिघेही मामांच्या तोंडाकडे बघत होते. शिवी द्यायला नव्हे, विचारायला. दोन वर्षांत मामांकडे असं कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी ब्रश रॉकेलच्या वाटीत बुडवला, सावकाश पुसला आणि म्हणाले, "तयारी असलेली बरी."

एवढंच. आणि वर जरासे हसले.

बातमी पसरायला गल्लीला एक तास पुरला. साडेचारला मालकांचा फोन, "ताबडतोब या, रांग चौकाच्या बाहेर गेलीय." मामा गणवेश चढवून पोचले तर सगळं गाव गाड्या घेऊन उभं. 'बाटलीत किंवा कॅनमध्ये पेट्रोल मिळणार नाही' ही पाटी मामांनीच रंगवलेली होती, आणि त्यांनी दहाबारा कॅनवाल्यांना परत पाठवलंही. पण लोक अशाने अडत नाहीत. टाकी भरायची, घरी जायचं, नळी टाकून तोंडाने ओढायचं, बाटल्या भरायच्या, परत रांगेत. तीच स्कूटर मामांनी तीनदा बघितली. तिसऱ्यांदा तिच्यावर मास्तर होते. त्यांनी मामांकडे न बघता झिरो बघितला.

भाच्याची व्हॅन पाचला आली. फुल. सातला परत आली, आणि मशीन बरोबर वीस लिटरवर थांबलं.

"दोन तासांत एवढा कुठे हिंडून आलास?" मामांनी विचारलं.

"मामा, मागे लाइन बघ. लोक बोंबलतायत."

वीस लिटर म्हणजे पाण्याचा एक जार, हे मामांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण मागे हॉर्न वाजत होते, गिऱ्हाइकाने पेट्रोलचं काय करावं हे पंपाने विचारायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर, हा सगळा घोळ कुठून सुरू झाला तेही त्यांना एव्हाना कळलं होतं. उद्या विचारू, असं ठरवून त्यांनी झाकण लावलं.

मंगळवारी सकाळी सहाला भाव आला. अकरा पैसे कमी.

मामा शिडीवर चढले आणि उतरले. खाली टोळी होती. एकाने नव्या, रिकाम्या हुकाकडे बोट दाखवलं. "हा कशाला मग?" मामांनी शिडी उचलून आत नेली. दिवसभर पंपावर कुत्रं फिरकलं नाही. सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या होत्या.

दोनला पाळी सुटली. ताई नुकतीच दुकानातून आलेली, पायातल्या चपलाही अजून काढलेल्या नव्हत्या. घर सकाळपासून बंद, खिडक्या लावलेल्या. ती ओट्यापाशी पातेलं ठेवत होती.

"ये, बस," ती पाठमोरीच म्हणाली. "आज तर गंमतच झाली बघ. कुलूप काढलं तर घरभर तुझा वास. मला वाटलं, आज माझ्या आधी येऊन बसलास की काय."

मामा हसले. स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माझा कसला वास?"

"कसला म्हणजे? पेट्रोलचा. सत्तावीस वर्षं येतोय. तू गल्लीत वळलास की कळतं."

ताईने गॅसचा लायटर उचलला.

मामांचं हसू जागच्या जागी थांबलं. आपण आत्ता आलो. दार तिने आत्ता उघडलं. आणि वास आधीपासून होता. त्यांनी जोरात श्वास ओढला. काहीच नाही. चहाची पूड नाही, साबण नाही, पेट्रोल तर नाहीच. जे नाक सत्तावीस वर्षं दिवसाचे आठ तास त्या वासात उभं होतं, त्या नाकाला तो वास म्हणजे हवाच झाला होता.

"ताई. तो लायटर खाली ठेव."

"अरे, चहा नको का?"

"ठेव म्हणतो ना! वाजवू नकोस. नुसता ठेव."

असा आवाज ताईने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिने लायटर ठेवला. "काय झालं? गरम होतंय का तुला? पंखा लावते."

"पंखा नको. काही लावू नको, काही बंद करू नको. कशाला हात लावू नको."

ते खाली वाकले. ओट्याखाली फुलांच्या कापडाचा पडदा होता, त्याच्यामागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी, आणि फरशीवर ओल. मामांनी बोट टेकवलं. बोट एकदम गार पडलं आणि डोळ्यांदेखत सुकलं. पाणी असं सुकत नाही. नाकाने दगा दिला होता, बोट अजून नोकरीवर होतं.

"हे काय आहे?"

"पाण्याचा जार. काल आणून ठेवलाय त्याने, व्हॅनमधल्या मुलांसाठी. हात लावू नको म्हणाला, म्हणून मी..."

मामांनी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत अंगणात आणलं. पाच पावलं होती, पण ताईची एक चप्पल राहिली ती राहिलीच. तिला समोरच्या झाडाखाली बसवून ते परत आत गेले. खिडक्या उघडल्या, गॅसची टाकी बंद केली, मग जार पोटाशी धरून बाहेर आणला. बुडाला केसाएवढी चीर गेली होती. अर्धाअधिक जार अजून भरलेला. बाकीचा फरशीवर, पडद्यात, हवेत.

 ताई मघाशी लायटर धरलेल्या हाताकडे बघत बसली. मग म्हणाली, "मला वाटलं, तूच आहेस."

मामांना उत्तर द्यायला वेळ नव्हता, कारण गल्लीत तेरा घरं होती आणि अडीच वाजले होते. चारला सगळीकडे चहा होतो. ते पहिल्या दारापासून ओरडत सुटले. "गॅस पेटवू नका! पेट्रोल बाहेर काढा! खिडक्या उघडा!"

"आता बाहेर काढा म्हणताय?" शेजारीण कमरेवर हात ठेवून दारात आली. "काल तुम्हीच सांगितलंत ना, शंभर होणार म्हणून!"

"मी सांगितलं नाही."

"मग पाटी कशाला वाळत घातली होती? आम्हाला दाखवायलाच ना?"

मामांनी हात जोडले. "चुकलं माझं, वहिनी," ते म्हणाले. "मला काही माहीत नव्हतं. माहीत असल्यासारखा बसलो. आता आणा बाहेर, पाया पडतो."

असं हात जोडलेल्या माणसाशी कोण भांडणार? शेजारणीने निमूट दोन कॅन आणले. एका घरातून सरबताच्या बाटल्या निघाल्या, बुचाला रबर लावलेल्या. एका घरी प्रेशर कुकरमध्ये भरलं होतं, शिट्टी काढून. नशीब, सुनेने सासूला सांगितलं होतं. करावरचा कर समजावणाऱ्या मास्तरांनी पुस्तकांच्या कपाटातून चार बाटल्या काढून दिल्या, मान खाली घालून. "मला रसायनशास्त्र येतं हो," ते म्हणाले. "तरी ठेवलं." सगळ्या बाटल्या मामांनी गल्लीच्या मोकळ्या टोकाला सावलीत मांडल्या आणि फडक्यातून गाळून एकेक करत लोकांच्या गाड्यांमध्ये परत ओतल्या. त्या दिवशी दाखवायला मशीन नव्हतं, झिरोही नव्हता. तासभर मामांच्या तोंडून ते दोन शब्द निघाले नाहीत.

पाचला भाचा आला. मुलं सोडून व्हॅन रिकामी होती. आई झाडाखाली, एका पायात चप्पल. मामा जारजवळ. घराची दारं-खिडक्या सताड उघडी. त्याला सांगावं लागलं नाही. तो व्हॅनच्या पायरीवर बसला. बराच वेळ किल्ली या हातातून त्या हातात करत राहिला.

"उन्हात व्हॅनमध्ये तापेल म्हणून आत ठेवला," तो शेवटी म्हणाला. "ओट्याखाली गार असतं."

"हं."

"तीस रुपये वाचले असते, मामा."

मामांनी ऐकून घेतलं. तीस. ताई ठेवणार होती तसले तीन चहा.

"हसू नकोस," भाचा म्हणाला. मामा हसत नव्हते. "तुला तीस वाटतात. माझे रोज तीस-तीसच जातात. कधी वीस. कुणाला सांगायला गेलं तर म्हणतात, एवढंच ना? एवढंच एवढंच करत दोन मुलं गेली, व्हॅनचा विमा थकला. मी कुणाला शिव्या देऊ, तूच सांग. तू समोर असतोस, म्हणून तुला देतो."

"दे," मामा म्हणाले. "मला दे. पण घरात पेट्रोल आणू नकोस."

भाच्याने मान हलवली. मग उठला आणि आईची राहिलेली चप्पल आणायला आत गेला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. वासाने असेल. त्याचं नाक अजून चांगलं होतं.

उरलेलं पेट्रोल दोघांनी मिळून व्हॅनच्या टाकीत ओतलं. पडदा ताईने फेकून दिला.

शंभर झालं ते पुढच्या महिन्याच्या शेवटी, गुरुवारी. सहाला फोन आला तेव्हा मामांनी ऑफिसमधून पत्र्याचा 'एक' आणला. शिडीपाशी भाचा उभा होता. शाळेच्या फेरीआधी आला होता. "मी धरतो," म्हणाला. मामा चढले, डावीकडच्या हुकावर पाटी अडकवली. पाटी अगदी वळणदार आली होती.  खालच्या टोळीतला एक म्हातारा उगाच टोपी काढून परत घालून निघून गेला.

सोमवारची बाई त्या दिवशी गुरुवारीच आली, ढकलत, पण या वेळी पंपात. ठरलेल्या पैशांच्या निम्मेच पैसे पुढे केले. आणि पहिल्यांदाच बोलली. "उद्या किती होईल?"

"माहीत नाही, बाई," मामा म्हणाले. "आणि अंदाज मी सांगत नाही."

तिने झिरो बघितला. मामांनी नोझल दाबलं. आकडे पळाले आणि लगेच थांबले.

या सगळ्यात मामांनी एकच गोष्ट बदलली. पंपाच्या मागे एक नळ आणि आडोसा आहे. तिथे ते घरचे कपडे पत्र्याच्या पेटीत ठेवायला लागले. पाळी सुटली की कपडे धुवायचा साबण अंगाला लावून आंघोळ. नखांत ब्रश, केसांतही साबण. मग घरचे कपडे घालायचे आणि गणवेश पिशवीत बांधून पंपावरच टांगायचा. पोरं चिडवायची, "मामा, लग्न ठरलं का कुठे?" मामा म्हणायचे, "हो. सासरकडची माणसं नाकाची तिखट आहेत."

बायकोने चारपाच दिवस बघितलं. सहाव्या दिवशी त्यांचा शर्ट तिने घरातल्या दोरीवर वाळत घातला, सगळ्यांच्या कपड्यांबरोबर.  मामांनी तो तिथे बघितला आणि मग त्यांना कळलं की इतकी वर्षं तो बाहेर का होता. 

ताईला त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. यापुढे घरात हा वास आला तर तो मी नव्हे. मी असलो तरी मी नव्हे. काही पेटवायचं नाही, सरळ बाहेर यायचं. ताईने दोनदा म्हणून दाखवलं, लहान मुलाकडून पाठ करून घेतात तसं.

पहिल्या दिवशी मामा आंघोळ करून गेले तेव्हा ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मामा उंबऱ्यात थांबले. ती काहीतरी निवडत राहिली. मामा आत आले, स्टुलावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. ती तशीच पाठमोरी. मग पातेलं घ्यायला वळली आणि केवढ्याने दचकली. पातेलं खाली पडलं, गडगडत दारापर्यंत गेलं.

"अरे! कधी आलास?"

"मघाशीच."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. जवळ आली, लहानपणी ताप बघायची तशी वाकली, त्यांच्या खांद्यापाशी नाक नेलं. नुसता साबण.

"आता तू आलास ते कळायचं नाही मला," ती म्हणाली.

मामांनी उठून पातेलं आणून दिलं. तिने ते धुतलं, पाणी भरलं. खिडकी उघडी आहे ना ते बघितलं. हवेत एकदा वास घेतला. मग लायटर उचलला.

तेव्हापासून मामा गल्लीच्या तोंडाशीच आवाज देतात. सगळ्या गल्लीला ऐकू जातं, आणि कधीकधी पोरं नक्कल करतात. भाव चढो की उतरो, रोज दोन वाजून वीस मिनिटांनी.

"ताई, मी आलोय गं."

आणि आतून उत्तर आल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत.